सेवानिवृत्तांचा विहार : छंद आणि सहलींची मात्रा

आहार, विहार आणि औषध या त्रयीपैकी आहाराची आपण सविस्तर विचारपूस करतो व औषध तपशीलवार लिहून देतो. विहाराच्या वाट्याला मात्र बहुधा ‘सकाळी फिरायला जावे’ एवढे एकच वाक्य येते. नोकरदार रुग्णाच्या बाबतीत ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण त्याचा दिवस कामाने बांधलेला असतो. सेवानिवृत्ताची गोष्ट निराळी आहे. त्याच्या बाबतीत विहार हाच कित्येकदा व्याधीचा हेतू असतो आणि चिकित्साही विहारातच असते.

माणूस सामान्यतः ५८ किंवा ६० व्या वर्षी निवृत्त होतो. चरकसंहितेने मध्यम वयाची मर्यादा ६० वर्षे मानली आहे, तर सुश्रुतसंहितेने ७०. सुश्रुतमतानुसार नुकताच निवृत्त झालेला गृहस्थ वृद्ध नव्हेच. तथापि उठण्याची, जेवणाची व मलप्रवृत्तीची जी वेळ तीस-पस्तीस वर्षे नोकरीने राखलेली असते, ती एकाएकी सुटते आणि वातप्रकोपास वाट मिळते.

त्रेसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक मलावष्टंभ व अनिद्रा यांसाठी चिकित्सालयात आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत तीन निरनिराळी रेचक चूर्णे होती. सकाळच्या शाळेसाठी पहाटे पाचला उठणारे हे गृहस्थ आता आठला उठत, दुपारी दोन तास झोपत आणि सायंकाळ दूरदर्शनपुढे घालवीत. उठण्याची वेळ पूर्ववत केली, दिवास्वाप थांबविला आणि रोज सायंकाळी वाचनालयापर्यंत पायी जाण्यास सांगितले. चूर्णे क्रमाक्रमाने कमी केली. दोन महिन्यांनी एकच चूर्ण उरले, तेही अधूनमधून लागणारे. वाचनालयात त्यांना समवयस्क मंडळी भेटली, हाही चिकित्सेचाच भाग होय.

व्यायाम आणि चंक्रमण

वाग्भटाने व्यायाम वर्ज्य असणाऱ्यांत वृद्धाचा समावेश केला आहे. सुश्रुताने मात्र शरीरास फार पीडा न देणारे चंक्रमण आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांना हितकर म्हटले आहे. हा भेद रुग्णास उदाहरणाने पटतो. पुण्यातील सारसबागेत सावकाश फेऱ्या मारणे हे चंक्रमण, तर शेजारच्या पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या झपाट्याने चढणे हा व्यायाम. सांगाती चढतो म्हणून आपणही चढायचे, हे साहस होय. कपाळावर घाम येणे व तोंडास कोरड पडणे ही अर्धशक्तीची लक्षणे दिसताच थांबावे. चालताना सोबत्याशी बोलता येईल इतपतच गती असावी. छातीत दडपण आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी दूर फिरण्यास जाऊ नये. पायऱ्या उतरताना गुडघ्यांवर अधिक भार येतो, हेही आवर्जून सांगावे.

बैठे छंद

पत्ते, कॅरम, बुद्धिबळ यांनी मन रमते. परंतु तीन-तीन तासांची बैठक म्हणजे आस्यासुखच, आणि ते प्रमेहाच्या हेतूंत गणलेले आहे. खेळ बंद करावयास सांगू नये. दर डावानंतर उठून चार पावले टाकावयास सांगावे. बागकामाची आवड असणाऱ्या संधिवाताच्या रुग्णास उकिडवे बसण्याऐवजी स्टूल घेण्यास व कुंड्या कट्ट्यावर ठेवण्यास सुचवावे.

सहली

ऑगस्ट २०२२ पासून राज्यात ७५ वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट लागू झाले. अष्टविनायकासारखी यात्रा त्यामुळे अनेकांच्या आवाक्यात आली. अशा यात्रेत चालण्याहून अधिक अपाय वेगधारणाने होतो. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने ज्येष्ठ मंडळी, विशेषतः स्त्रिया, पाणीच पीत नाहीत. काहीजण लघवीची गोळी परस्पर बंद करतात. प्रवासापूर्वी या गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. नेहमीची औषधे हातातील पिशवीत असावीत. नवे रेचक प्रवासात सुरू करू नये. मुक्कामी पादाभ्यंग करावे. लेण्याद्रीच्या पायऱ्या झेपत नसल्यास पायथ्याशी हात जोडावेत. काठी घेण्याचा संकोच वाटणाऱ्यास सांगावे की दंडधारण, छत्रधारण व पादत्राणधारण यांचे गुण चरकाने स्वस्थाच्याच दिनचर्येत वर्णिले आहेत.

निवृत्त स्त्रीचा वेगळा विचार करावयास हवा. कचेरी सुटली तरी स्वयंपाकघर सुटत नाही, आणि नातवंडांची जबाबदारी नव्याने येते. तिला ‘छंद जोपासा’ एवढेच सांगून भागत नाही. भजनी मंडळासाठी वा मैत्रिणींसमवेत फिरण्यासाठी आठवड्यातील दोन सायंकाळी तिला मोकळ्या मिळाव्यात, हे तिच्या समक्ष घरच्यांना सांगावे. वैद्याने सांगितलेले पथ्य म्हणून घरातील मंडळी ते मानतात.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. एकाच महिन्यात दुसरे रेचक वा झोपेचे औषध मागणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकास ते देण्यापूर्वी त्याचा दिवस कसा जातो, हे आपुलकीने विचारावे व त्यास वैद्याकडे पाठवावे. एका विक्रीचे नुकसान होईल, पण ग्राहकाचा विश्वास वाढेल.

वैद्यबंधूंनी आपल्या रुग्णपत्रकात चार नोंदी वाढवाव्यात : उठण्याची वेळ, दुपारची झोप, घराबाहेर जाण्याचे ठिकाण आणि तेथे भेटणारी माणसे. पुढील खेपेस नाडीपरीक्षणासमवेत या नोंदीही पुन्हा तपासाव्यात. चौथी नोंद कोरी राहिली, तर औषधाची मात्रा वाढविण्यापूर्वी तिचा विचार करावा.