शार्लोट तलावाच्या वाटेवर

पावसाळा सरल्यावर आम्ही सहकुटुंब माथेरानला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी फजरची नमाज अदा करून आम्ही दोघी जावा शार्लोट तलावाच्या वाटेने धावायला निघालो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लोक काय म्हणतील?" धाकटीला साखर निघाल्यापासून डॉक्टर रोज चालायला सांगतात, पण मोहल्ल्यात चालायचं तर पायांपेक्षा नजरांचाच शीण जास्त.

माथेरान सुमारे 800 मीटर उंचीवर. खाजगी मोटारी दस्तुरीलाच थांबतात. पुढे गर्द झाडीतली, जांभ्याच्या लाल मातीची वाट. कुठे मुळं वर आलेली, कुठे उतारावर सुटी खडी. चढ आला की आम्ही सरळ चालायचो, त्यात कमीपणा कसला? उतारावर पावलं लहान टाकायची आणि नजर चार हात पुढे ठेवायची. गुडघ्याखाली येणारा सैल कुर्ता, घट्ट बांधलेला स्कार्फ. अडलं काहीच नाही. बूट मात्र खोल नक्षीच्या तळाचे हवेत. धाकटी जुन्या गुळगुळीत बुटांनी घसरली आणि कोपर सोलून घेतलं. हातात बिस्किटं नेऊ नयेत, माकडं सोडत नाहीत.

तलावाकाठी दम घेताना सासूबाईंसाठी उत्तर सापडलं. हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याशी शर्यत लावल्याचं अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. पहिल्यांदा त्या जिंकल्या, पुढे त्यांचं अंग भरल्यावर प्रेषित (स.) जिंकले आणि ही त्या शर्यतीची परतफेड, असं म्हणाले.

नाश्त्याला हे सांगितलं. सासूबाई हसल्या. "आणि तुमच्यात पुढे कोण होतं?"

धाकटी. सोललेल्या कोपरासकट.