गिटारच्या ‘विकृत’ ध्वनीची निवड : पंक व अल्टर्नेटिव्ह रॉक यांच्या संदर्भात

विद्युत-गिटारवादक ज्याला ‘डिस्टॉर्शन’ म्हणतो ती संज्ञा मूळची अभियंत्यांची असून तिच्यात निंदा अध्याहृत आहे. ध्वनिवर्धकात शिरलेल्या तरंगाचा आकार बाहेर पडताना बदलला, तर वर्धकाने आपले काम चोख बजावले नाही, एवढाच तिचा अर्थ. मराठीला याहून न्याय्य शब्द ठाऊक आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सारून जो भरीव झंकार साधतात, त्याला कोणी बिघाड म्हणत नाही; जवारी लागली असेच म्हणतात. जवारीची कारणे यांत्रिक, गिटारच्या या ध्वनीची विद्युतीय. परंतु मूळ स्वरात क्षीण असलेले उपस्वर मुद्दाम उठवावयाचे, हा हेतू दोहोंचा सारखाच.

गिटारच्या बाबतीत आरंभ मात्र खरोखरीच बिघाडातून झाला. मार्टी रॉबिन्सच्या १९६१ साली गाजलेल्या ‘डोन्ट वरी’ या गीतात ग्रेडी मार्टिनने वाजविलेला तुकडा ध्वनिमुद्रणयंत्रातील सदोष जोडणीमुळे घरघरीत उमटला आणि तसाच ठेवण्यात आला. तो परिणाम हुकमी मिळावा म्हणून १९६२ मध्ये ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ ही पेटी बाजारात आली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने ती सर्वतोमुखी केली. पुढे फझ, ओव्हरड्राइव्ह व डिस्टॉर्शन अशी तीन नावे रूढ झाली. नवशिका वादक त्यांना तीव्रतेच्या चढत्या पायऱ्या समजतो. वस्तुतः ही नावे विक्रेत्यांनी दिलेली आहेत, वर्गीकरणाच्या तत्त्वाने दिलेली नव्हेत; एकाच जातीची विद्युत-मंडले निरनिराळ्या नावांखाली आढळतात. पेटीवरील नाव पाहून निवड करणारा म्हणूनच वारंवार फसतो. त्याने विचारावयाचे प्रश्न दोन : तरंग किती छाटला जातो, आणि छाटण्यापूर्वी व छाटल्यानंतर त्यातून काय गाळले जाते.

पहिला प्रश्न केवळ कर्कशतेचा नाही. कोणते स्वरसंघात वाजविता येतील, हे त्यावर अवलंबून असते. तरंगाचे माथे छाटले गेले की प्रत्येक स्वराचे उपस्वर वाढतात, हे खरे. परंतु दोन स्वर एकत्र असतील तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून तिसरेच स्वर जन्मास येतात. षड्ज दर सेकंदास ११० आंदोलनांचा धरला तर त्याचा पंचम १६५ चा. या जोडीतून उपजणारे स्वर ५५, २२०, २७५ असे, म्हणजे सारे ५५ च्या पटीत पडतात. षड्जाखालच्या सप्तकातला षड्ज आपोआप ऐकू येऊ लागतो आणि दोन तारांचा आवाज भिंतीएवढा होतो. रॉकमध्ये ‘पॉवर कॉर्ड’ म्हणून ओळखली जाणारी ही षड्ज-पंचमाची जोडी छाटणी जेवढी वाढेल तेवढी बलवान भासते, ती यामुळे. आता तीत गंधार मिसळावा. शुद्ध गंधार १३७.५ चा, गिटारचे पडदे समविभागी असल्याने तिच्यावरचा गंधार १३८.६ चा व पंचम १६४.८ चा येतो. गंधाराची दुप्पट करून षड्ज वजा केला असता १६७.२ हा नवा स्वर उपजतो, आणि तो पंचमाच्या अगदी अंगावर जाऊन आदळतो. दर सेकंदास दोन-अडीच हेलकावे देणारा हा घसारा म्हणजेच वादक ज्याला ‘चिखल’ म्हणतील तो.

जॉनी रमोनचे वादन या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९७६ साली रमोन्सची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तीत त्याची मोसराइट गिटार मार्शल वर्धकाला जोडलेली आहे. तो गंधारासह पूर्ण संघात वाजवी आणि प्रत्येक आघात वरून खाली देई. छाटणी माफक असल्यामुळेच गंधार जगतो, आणि एक आघात दुसऱ्यापासून वेगळा राहतो. अतिरेकी छाटणीत लहानमोठे आघात एकाच उंचीचे होतात. स्पर्श व्यंजने पुसून केवळ स्वर उरावेत, तसे लयीचे होते. पंकचा आवाज अतिशय विकृत असावयास हवा, ही समजूत म्हणून तपासून घ्यावी लागते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भाषाभ्यासकांच्या परिचयाचे आहे. लिकलायडर व पोलॅक यांनी १९४८ मध्ये मनुष्यवाणीचे तरंग जवळजवळ संपूर्ण छाटून पाहिले. शब्द तरीही बऱ्याच प्रमाणात कळले. आणि छाटण्यापूर्वी उच्च आंदोलनांना उठाव दिला असता तर बहुतेक सर्व कळले. कारण उघड आहे : मंद्र भाग प्रबळ असेल तर छाटणी त्याच्याच तालावर चालते आणि वरचे सूक्ष्म भेद बुडतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘ट्यूब स्क्रीमर’ या पेडलमध्ये हीच युक्ती आहे. सुमारे ७२० आंदोलनांखालच्या भागाला तीत कमी वर्धन मिळते, म्हणून संघात सुटा राहतो. ‘बिग मफ’ची रीत उलट : मंद्रासह सर्व काही दोनदा छाटावयाचे, आणि नंतर १००० आंदोलनांच्या आसपासचा मधला पट्टा खाली दाबावयाचा.

अल्टर्नेटिव्ह रॉकमध्ये आणखी एक गरज उत्पन्न झाली. शांत कडवे व गर्जणारे ध्रुपद हा बांधा पिक्सीजने रूढ केला आणि निर्वाणाच्या १९९१ च्या ‘नेव्हरमाइंड’ने घरोघरी नेला. येथे छाटणी वर्धकातच करून चालत नाही. ती पायाने क्षणात सुरू व बंद व्हावी लागते. कर्ट कोबेन बॉस कंपनीचे डीएस-१ हे साधे, स्वस्त पेडल वापरी, आणि त्याच्या गर्जत्या भागांत बहुधा षड्ज-पंचमाच्याच जोड्या आहेत. हा योगायोग नव्हे.

बिग मफ एकट्याने वाजविता भव्य वाटतो. परंतु बास-गिटार व ड्रम सुरू होताच, त्याने जो मधला पट्टा सोडून दिला तेथेच गिटारची ओळख होती, हे ध्यानात येते. स्मॅशिंग पंपकिन्सने १९९३ च्या ‘सायमीज ड्रीम’मध्ये त्याच्यावर उपाय केला तो एकावर एक अनेक गिटार मुद्रित करून. तिघांच्या संचाला रंगमंचावर ती सोय नसते. त्यांनी पेडल दुकानात एकटे न वाजविता बास व ड्रमच्या साथीत, आणि आधी पंचमाने, मग गंधारासह वाजवून पाहणे इष्ट.