विजेचा रांजण

दिवेलागणीची वेळ असते. मुलगी अभ्यासाला बसलेली असते. तेवढ्यात वीज जाते. घरात अंधार होतो, पंखा थांबतो. कचेरीत तर आणखी नुकसान. संगणकावर दाखला लिहून होत आलेला असतो. वीज गेली की केलेले काम पुसले जाते.

यावर उपाय म्हणून आता पुष्कळ घरी इन्व्हर्टर आणि बॅटरी आली आहे. ती वापरायची कशी, ते आपण समजून घेऊ या.

नळाला पाणी नेहमी नसते. म्हणून आपण रांजण भरून ठेवतो. बॅटरी हा विजेचा रांजण आहे. मात्र तिच्यात वीज पाण्यासारखी साठत नाही. आत शिशाच्या पट्ट्या असतात आणि पाणी घातलेले ॲसिड असते. वीज आली की त्यांच्यात बदल होतो. वीज गेली की तोच बदल उलटा होतो आणि वीज परत मिळते. अशी बॅटरी प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली.

घरातले दिवे २३० व्होल्टवर चालतात. बॅटरी असते १२ व्होल्टची. तिची वीज घराला चालेल अशी करून देतो तो इन्व्हर्टर. संगणकाजवळची लहान पेटी म्हणजे यूपीएस. पापणी लवायच्या आत ती वीज पुरवते. पण ती थोडी मिनिटेच पुरते. तेवढ्यात काम जतन करावे आणि संगणक नीट बंद करावा.

रांजणात किती वीज आहे? हिशोब सोपा आहे. बॅटरीवर १५० एएच लिहिले असेल, तर १२ गुणिले १५० म्हणजे १८०० झाले. पण काही वीज वाटेत खर्ची पडते, आणि रांजण तळापर्यंत उपसू नये. म्हणून निम्मे, ९०० धरा. एक पंखा ७५ वॅटचा. ९ वॅटचे तीन दिवे, म्हणजे २७. मिळून १०२. ९०० ला १०२ ने भागा. आठ-नऊ तास निघतील. तीच १००० वॅटची इस्त्री लावली तर तासभरही निघणार नाही. बॅटरी जुनी झाली की हे तास आणखी कमी होतात.

आता जपायचे कसे? बॅटरी भरताना आतले पाणी हळूहळू कमी होते. खुणेखाली गेले की दुकानात मिळणारे बॅटरीचे पाणीच घालावे. आमच्या एका शेजाऱ्याने बोअरचे पाणी घातले. त्यातल्या क्षारांनी बॅटरी लवकरच निकामी झाली. ॲसिड तर घरी कधीच घालू नये.

पाणी कमी होते तेव्हा हायड्रोजन नावाचा वायू निघतो. तो चटकन पेट घेतो. एका घरी आम्ही बॅटरी देव्हाऱ्याखाली ठेवलेली पाहिली. वर निरांजन तेवत होते! आम्ही ती तेव्हाच हलवायला लावली. बॅटरी हवेशीर जागी ठेवावी. तिच्याजवळ दिवा, उदबत्ती, विडी नको. पाणी घालायच्या आधी इन्व्हर्टर बंद करावा. हातातले कडे, अंगठी काढून ठेवावी. वायर सैल झाली तर वायरमनला बोलवावे. मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे. डोळ्यात गेले तर धुऊन तडक दवाखाना गाठावा.

जुनी बॅटरी घरी फोडू नये. शिसे विषारी आहे, आणि मुलांना ते फार बाधते. बॅटरी दुकानदाराला परत द्यावी. नव्या बॅटरीच्या किमतीत तो काही सूटही देतो.

रांजण फुटला तर दुसरा आणता येतो. डोळा गेला तर दुसरा मिळत नाही. म्हणून वीज मापाने वापरा आणि बॅटरी जपून हाताळा.