शॉर्ट ड्युरेशन फंडाचा परतावा कशाशी ताडावा?

सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये ठरवलेल्या वर्गवारीनुसार शॉर्ट ड्युरेशन फंडाचा मॅकॉले कालावधी, म्हणजे व्याज व मुद्दल हाती येण्याचा वर्तमान मूल्यानुसार भारित सरासरी काळ, 1 ते 3 वर्षे असावा लागतो, तो 2.5 वर्षे असताना बाजारातील व्याजदर 1 टक्क्याने वाढले, तर रोख्यांचे मूल्य साधारण सव्वादोन ते अडीच टक्क्यांनी उतरते. मानदंड निर्देशांकाशी तुलना करताना मात्र कालावधीइतकाच, किंबहुना अधिक बारकाईने, पतदर्जा तपासावा, कारण एए दर्जाचे रोखे बाळगणारा फंड एएए रोख्यांच्या निर्देशांकाला मागे टाकतो, तेव्हा त्यात व्यवस्थापकाच्या कौशल्यापेक्षा जादा जोखमीचा मोबदलाच अधिक असू शकतो. शिवाय निर्देशांकाला खर्च नसतो, फंडाला असतो, त्यामुळे वितरकाचे कमिशन वगळलेल्या डायरेक्ट योजनेचे आकडे ताडणे अधिक न्याय्य ठरते.