दुखणं सांगता न येणाऱ्यांचे दात (दाराशी आरोग्य : लेखांक ६)

मुलगा स्वतःच्याच गालावर थापडा मारतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो, रात्री उठून बसतो. घरचे म्हणतात, हल्ली फार हट्टी झालाय. शाळेच्या वहीत ‘वर्तनसमस्या’ अशी नोंद होते, क्वचित शांत ठेवणारी गोळीही सुरू होते. आणि मागच्या दाढेत पू धरलेला असतो. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचं दुखणं स्वभावाच्या नावावर खपवलं जातं, आणि हे डॉक्टरांकडूनही होतं. अशा व्यक्तीचं वागणं एकाएकी बदललं, तर औषध वाढवण्याआधी टॉर्च लावून तोंड बघा.

त्यांचे दात लवकर बिघडण्याची कारणं साधी आहेत. फिट्सवरच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढून दातांवर चढतात. वर्षानुवर्षं घेतलेली गोड सिरपं दातांवर साचतात. सेरेब्रल पाल्सीत जीभ आणि गाल नीट हलत नाहीत, त्यामुळे जेवणानंतरही अन्न गालाच्या कडेला राहतं. डाउन सिंड्रोमची गोष्ट मात्र फसवी आहे. या मुलांचे दात उशिरा येतात, काही येतच नाहीत, पण कीड तुलनेने कमी लागते. म्हणून आईवडील निर्धास्त राहतात. खरा घाला पडतो तो हिरड्यांवर, तोही तरुणपणीच. एकही कीड नसलेले पुढचे दात हलायला लागतात. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, त्यामुळे हिरड्यांतले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाण्याचा धोकाही काहींना असतो. दातांच्या डॉक्टरांना ही माहिती पहिल्याच भेटीत द्यायला हवी.

आपल्याकडे याला उत्तर म्हणजे शिबिर. विशेष शाळेत एक दिवस डॉक्टर येतात, तपासणी होते, ब्रश वाटले जातात, फोटो निघतो. हेतू चांगलाच असतो, पण अनोळखी हात एकदाच तोंडात जाऊन गेला, की पुढच्या वेळी ते मूल तोंडच उघडत नाही. त्याच डॉक्टरांनी, त्याच खोलीत, पुन्हा पुन्हा यायला हवं.

पहिल्या भेटीत उपचार नकोच. आरसा मुलाच्या हातात द्यायचा, त्याने तो डॉक्टरांच्या तोंडात घालून बघायचा. मग बोटाने दात मोजायचे, तेवढ्यावर घरी. जे करायचं ते आधी सांगायचं, मग दाखवायचं आणि त्यानंतरच करायचं. खुर्ची मागे झुकू लागली की पुष्कळांचा थरकाप होतो, म्हणून ती आधीच झुकवून ठेवावी. दिव्याचा झोत सहन होत नसेल तर गॉगल द्यावा. एक्स-रेच्या वेळी घालतात तो जड ॲप्रन अंगावर असला, की काही जण चक्क शांत बसतात. यात वेळ जातो, आणि त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. माझ्या मते सगळं अडतं ते इथेच.

घरी ब्रश करताना समोर उभं राहू नका. मागे उभं राहून त्याचं डोकं आपल्या छातीशी टेकवलं, की आतले दातही दिसतात. ब्रशचा दांडा पकडता येत नसेल तर सायकलच्या मुठीचं रबर चढवा. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. दाढ दुखते म्हणून मशेरी लावून देऊ नका, ती तंबाखूच आहे.

ड्रिल नको असेल तरी मार्ग आहेत. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब किडीवर लावला तर ती बहुतेक वेळा तिथेच थांबते. डाग कायमचा काळा पडतो, म्हणून घरच्यांना आधी विचारावं लागतं. हातातल्या अवजाराने कीड खरवडून ग्लास आयनोमर भरता येतं. हे दोन्ही शाळेच्या खोलीतही जमतं. फ्लोराइड वार्निशही तिथेच, वर्षातून दोनदा तरी लावावं.

मुलांसाठी थोडीफार व्यवस्था आहे. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची तपासणी आहे, पण ती अठराव्या वर्षी संपते. हिरड्यांचा त्रास मात्र त्यापुढेच वाढतो. तिशीतल्या माणसाला लहान मुलांच्या दंतविभागातून ‘आता मोठा झाला’ म्हणून परत पाठवतात, मोठ्यांच्या विभागात त्याला हाताळायची सवय कुणाला नसते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने उपचारात अग्रक्रम दिला आहे आणि त्याला वयाची अट नाही. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात, त्यात दातांची प्रतिबंधक काळजीही येते. पालकसंघांनी हे दोन्ही कागद घेऊन जवळच्या दंतमहाविद्यालयात जावं आणि प्रौढ दिव्यांग जिथे काम करतात त्या कार्यशाळेसाठी महिन्यातला एक ठरावीक वार मागून घ्यावा. बहुतेक दंतमहाविद्यालयांत सार्वजनिक आरोग्य दंतविभाग असतो, अर्ज तिथेच द्यायचा.

पुढील लेखांकात : भूल देऊन दातांचे उपचार कधी करावेत, आणि त्याआधी काय विचारावं.