पाळी सुटल्यावरचे शाहीर

होनाजी-बाळा या जोडीतला होनाजी गवळी. परशराम सिन्नरजवळच्या बावीचा शिंपी. सगनभाऊ शिकलगाराच्या घरातला, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांतला. पेशवाईतल्या शाहिरांची ओळख करून देताना ही माहिती आपण एका ओळीत उरकतो आणि लावणीतल्या शृंगाराकडे वळतो. या माणसांनी दिवसभर काय केलं आणि कवन कधी रचलं, हे क्वचितच कुणी विचारतं. खरं तर मराठी शाहिरीचा मोठा भाग दुसऱ्या कुठल्यातरी कामावर पोट भरणाऱ्यांनी लिहिला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात हे समजून घ्यायला पेशवाईपर्यंत मागे जावं लागत नाही. तिथला जाखडीचा कवी गेली शंभरएक वर्षं हेच करतो आहे: पोटासाठी मुंबई, गाण्यासाठी गाव.

रत्नागिरी आणि शाहिरी यांचं नातं तसं जुनं. खर्ड्याच्या लढाईचा पोवाडा रचणारा प्रभाकर दातार पुण्यात गंगू-हैबतीच्या फडासाठी लिहीत असे, पण दातारांचं मूळ घराणं दापोली तालुक्यातल्या मुरूडचं. घाटावर गेलेल्या या कोकणी माणसाचं नाव इतिहासात राहिलं, कारण पेशव्यांच्या राजधानीत त्याची कवनं ऐकणारे आणि उतरवून घेणारे लोक होते. जिल्ह्यात राहिलेल्या किंवा मुंबईच्या गिरणीत गेलेल्या कवीला हे भाग्य लाभलं नाही. त्याचं नाव त्याच्या वाडीला, त्याच्या शिष्यांना आणि समोरच्या पक्षाला ठाऊक असतं. बस्स.

जाखडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मध्ये ढोलकीवाला, झांजवाला आणि गाणारे बसतात. त्यांच्याभोवती आठ-दहा जण पायात चाळ बांधून फेर धरतात. गौरी-गणपतीत घरोघरी, अंगणात, रात्रभर हा नाच चाले. मुंबईकरांनी त्याला बाल्या नाच म्हटलं, कारण शहरात घरगड्याचं काम करणारा कोकणी कुणबी कानात बाळी घालायचा. त्या नावात थोडी कुचेष्टा होती. कोकण्याने ती मनावर घेतली नाही आणि नाव स्वतःच वापरायला लागला.

नाच दिसतो, पण खरी झुंज शब्दांची असते. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष. शक्तीवाले आदिमायेला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. घाटावरच्या आणि उत्तरेकडच्या कलगी-तुऱ्याचाच हा कोकणी अवतार. चंदेरीच्या दरबारात तुकनगीर गोसाव्याला तुरा आणि शाहअली फकिराला कलगी मिळाली, अशी या पंथाची कथा आहे. ती इतिहास म्हणून कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न, पण एका गोसाव्याच्या आणि एका फकिराच्या वादातून आपली कला जन्मली असं मानणारी माणसं आजच्या काळात मला फार मोलाची वाटतात.

आधी गण, मग गौळण, आणि नंतर सवाल-जबाब. सवाल पुराणातला. अमक्या राक्षसाची आई कोण, तमक्या शापाचं कारण काय, प्रकृती आधी की पुरुष आधी. जबाब तिथल्या तिथे, छंदात आणि चालीत द्यायचा. म्हणजे कवीला नुसती यमकं जुळवून भागत नाही, ग्रंथ पाठ असावे लागतात. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३), ‘पांडवप्रताप’ (१७१२), ‘शिवलीलामृत’ (१७१८) आणि मालूकवीचा ‘नवनाथ भक्तिसार’ (१८१९) ही या कवींची विद्यापीठं. चौथी-पाचवीत शाळा सुटलेला माणूस पांडवप्रतापातला अध्याय आणि ओवी सांगतो तेव्हा आपण चकित होतो. चकित व्हायचं काही कारण नाही. कित्येक वर्षं रोज रात्री एखादा ग्रंथ वाचला तर तो पाठ होणारच.

ते वाचन कुठे होई? तर गिरणगावातल्या गाळ्यात. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली उभी राहू लागली आणि पुढची शंभरहून अधिक वर्षं गिरण्यांना माणसं पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अगदी वरच्या पायरीवर राहिला. दाभोळ, जयगड, रत्नागिरी बंदरांतून बोटीने माणूस भाऊच्या धक्क्यावर उतरे आणि लालबाग-परळ-शिवडीतल्या गावमंडळाच्या खोलीत पथारी टाके. एका खोलीत दहा-वीस जण, प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि खिळ्याला अडकवलेली पिशवी. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच जागी आडवे होत. जेवण खानावळीत. या खोलीत गावाचा सगळा कारभार चाले: देवळाची वर्गणी, भांडणांचा निवाडा, कुणाच्या मुलाला बदली कामगार म्हणून कुठे चिकटवायचं ते, आणि यंदाच्या गणपतीत कोणती गाणी घ्यायची तेही.

म्हणून जाखडीचं गाणं गावात नाचलं गेलं तरी बऱ्याचदा लिहिलं गेलं मुंबईत. कवी गिरणीत किंवा गोदीत, तर कुणी पोस्टात, बेस्टमध्ये, महापालिकेत. आषाढ लागला की तालमी सुरू. पाळी सुटली, आंघोळ झाली की खोलीत ढोलकी निघायची. चतुर्थीच्या आधी सगळी टोळी गावाला. शिमग्याला पुन्हा तेच, फक्त जाखडीच्या जागी नमन. मृदंग, गण-गवळण, उंच टोपी आणि लांब दाढीचा संकासूर, पालखीबरोबर गावोगाव फिरणारे खेळे. नमनावर स्वतंत्र लेख लिहायला हवा, इथे ते दारातूनच पाहून पुढे जातो.

गिरणीच्या मागांच्या खडखडाटातून या गाण्यांची लय आली, असं लिहायचा मोह लेखकांना होतो. मला ते पटत नाही. लय गावातून आली होती, ढोलकीतून आणि फेरातून. साळखात्याच्या आवाजात शेजाऱ्याचं बोलणंही ऐकू येत नसे, तिथे लय कसली सुचणार! कामाने या कवीला दिलं ते वेगळंच. एक म्हणजे बंधन. त्याच्याकडे फार तर रात्रीचे दोन तास असत, त्यामुळे तो मनातल्या मनात रचत असे आणि वहीत उतरवताना फारसं खोडत नसे. दुसरं म्हणजे श्रोता. तालमीच्या खोलीत बसलेला प्रत्येक जण त्याच्यासारखाच राबून आलेला, त्यामुळे जड संस्कृत शब्द टाकून भाव खायची सोय नव्हती. आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं, स्वातंत्र्य. पोट गाण्यावर नसल्यामुळे फडमालकाची मर्जी राखायची नव्हती आणि तिकीटबारीही सांभाळायची नव्हती. बिदागी म्हणून नारळ, टॉवेल आणि थोडेफार पैसे मिळत. तेवढ्यासाठी कुणी कुणाची खुशामत करत नाही.

त्याच गल्ल्यांत त्याच वेळी दुसरी शाहिरीही घुमत होती. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे गिरणीत काम करून आलेले. बार्शीचे अमर शेख बसचे क्लीनर आणि गिरणी कामगार होते. दत्ता गव्हाणकरांसह त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. सिन्नर तालुक्यातल्याच देशवंडीचे वामनदादा कर्डक मुंबईत मिळेल ते काम करत होते. १९४३ मध्ये त्यांनी पहिलं गीत रचलं आणि पुढे २००४ पर्यंत ते आंबेडकरी चळवळीसाठी गात-लिहीत राहिले. ही माणसं चळवळीची झाली आणि चळवळीने त्यांची गाणी छापली, गायली, जपली. जाखडीचा कवी कुठल्याच चळवळीचा झाला नाही. तो मैदानात अमर शेखांचा पोवाडा ऐकायला जाई आणि खोलीवर येऊन गौळण लिही. अभ्यासकांना त्यामुळे तो मागासलेला, देवभोळा वाटला असावा. एक खरं की संपाच्या, मोर्चाच्या काळातही सवाल-जबाबात देवादिकांचीच वंशावळ चाले. पण अण्णाभाऊंच्या छक्कडीतली गावाकडे राहिलेली मैना आणि जाखडीच्या गौळणीतली वाट पाहणारी राधा यांच्यात फार अंतर नाही. दोघींचा धनी मुंबईतच होता.

इथे एक तक्रार नोंदवायला हवी. ती बाई कवनात आहे, कवी म्हणून नाही. रत्नागिरी हा मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा म्हणून ओळखला गेला. २०११ च्या जनगणनेतही इथे दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया होत्या, राज्यात सर्वाधिक. शेत, गुरं, सासू-सासरे आणि कोर्टकज्जे या बायकांनी सांभाळले म्हणून मुंबईतल्या माणसाला कवनं रचायची फुरसत मिळाली. गौरीच्या फेरांत, फुगड्यांत त्यांनी स्वतःची गाणी रचली, त्यांत नवऱ्याला आणि मुंबईला चार शब्द सुनावलेही. पण त्या गाण्यांच्या शेवटी नाव नसतं. जाखडीचा कवी मात्र शेवटच्या कडव्यात आपलं नाव, गुरूचं नाव आणि गाव न चुकता गुंफतो. स्त्रियांच्या रचनांकडे इतकं दुर्लक्ष का झालं, याचं एक कारण मला या नाममुद्रेत दिसतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बरेचसे पुन्हा आत गेलेच नाहीत. अनेक जण ट्रंक घेऊन गावी परतले, काहींनी मुंबईत रखवालदारी, भाजीची गाडी, वडापाव असं काहीबाही धरलं. जाखडीच्या दृष्टीने नोकरीइतकंच आणखी एक गेलं: तालमीची खोली. गिरणगावातले गाळे हळूहळू विकले गेले, माणसं विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीकडे पांगली. पाळी सुटल्यावर पाच मिनिटांत ढोलकीभोवती बसणारी टोळी आता रविवारी लोकलचे दोन तास खर्चून जमायला लागली.

तरी गाणं थांबलं नाही. ते अंगणातून रंगमंचावर गेलं. परळच्या दामोदर नाट्यगृहात, गिरगावच्या साहित्य संघात, पार्ल्याच्या दीनानाथमध्ये शक्ती-तुऱ्याचे जंगी सामने लागू लागले. तिकीट, जाहिरात, प्रकाशयोजना, भरजरी पोशाख, सगळं आलं. फेराची बैठक मोडली, कारण प्रेक्षक एकाच बाजूला बसतो. रात्रभर चालणारा सवाल तीन तासांत आटोपायचा म्हणून ग्रंथ मागे पडला आणि टोमणे पुढे आले. कॅसेटच्या लाटेत सिनेमाच्या चाली घुसल्या. आता मोबाइलवर प्रत्येक सामन्याचं चित्रीकरण फिरतं. जुन्या कवींना हे सगळं पतन वाटतं. मला अर्धंच पटतं. चाली उसन्या घेणं शाहिरीत नवं नाही. पण अर्वाच्य टोमण्याला टाळी मिळते आणि पुराणातल्या अवघड सवालाला मिळत नाही, तेव्हा कवीने वाचन का करावं? तिकीटबारीने त्याचं ते जुनं स्वातंत्र्य काढून घेतलं. १९२२ पासूनचं दामोदरही २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हा नाटकवाल्यांइतकाच कोकणातला लोककलावंतही हळहळला.

गावाकडे वेगळी अडचण. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, चाकरमानी रात्रीत गावी पोचू लागला, आणि तितक्याच लवकर परतूही लागला. दीड दिवसाच्या गणपतीला आलेल्या मुलाला फेराची पावलं कधी शिकवायची? तरीही शिकणारे आहेत. बँकेत, खासगी कंपनीत, रिक्षावर, दुकानात काम करणारी पोरं गुरू करतात, गण लिहून दाखवतात, समोरच्या पक्षाच्या वस्तादाला नमस्कार करून मगच त्याच्यावर सवाल टाकतात.

राहतो प्रश्न वह्यांचा. जाखडीच्या कवीची आयुष्यभराची कमाई म्हणजे त्याचं बाड: लांबट हिशेबाच्या वह्या, शाळेच्या वह्या, क्वचित गिरणीतल्या जुन्या कागदांचे शिवलेले गठ्ठे. समोरच्या पक्षाला जबाब आधी कळू नये म्हणून ते कुणाला दाखवायचं नाही, अशी रीत. कवी गेला की मुलाला त्यातलं वाचता येत नाही किंवा वाचावंसं वाटत नाही. कोकणातला पाऊस आणि वाळवी उरलेलं काम करतात. मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह १८९१ मध्ये छापला गेला तो हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यामुळे. ॲक्वर्थ हे इंग्रज सनदी अधिकारी, मुंबईचे महापालिका आयुक्त. वडाळ्याच्या महारोग्यांच्या इस्पितळाला त्यांचंच नाव आहे. नोकरी सांभाळून गोंधळ्यांचे पोवाडे जमवायला एका साहेबाला वेळ मिळाला. आपल्याकडे मराठी विभाग, अकादमी आणि साहित्य संमेलनं असूनही कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या कवनांचा तितका मोठा, पाठभेदांसह संपादित केलेला संग्रह माझ्या पाहण्यात नाही.

हे काम सरकारची वाट पाहत बसण्यासारखं नाही. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. हस्तलिखितांचं कपाट मांडायला याहून योग्य जागा कुठली? वाचकहो, तुमच्या आजोबांची, चुलत्यांची अशी वही माळ्यावर असेल तर रद्दीवाल्याला देऊ नका. पानन् पान मोबाइलवर टिपून घ्या. पहिल्या पानावर कवीचं नाव, वाडी, गुरू, पक्ष लिहा आणि तो कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, कुठल्या पाळीला होता तेही लिहा. गाण्याची चाल आठवणारं कुणी म्हातारं माणूस घरात असेल तर त्याच्याकडून दोन ओळी गाऊन घ्या. मग एक प्रत जवळच्या वाचनालयात नेऊन द्या आणि पोच मागून घ्या.