थ्री-नॉट-थ्रीच्या पोटात पॉइंट टू-टू

भाचीचा एनसीसी कॅम्पवरून फोन आला. "मामा, पाचही गोळ्या टार्गेटवर! आता मोठी रायफल दिली तरी मारीन."

आमच्या वेळी सरावाला मिळायची ती दिसायला थ्री-नॉट-थ्रीच, पण झाडायची पॉइंट टू-टूची स्वस्त काडतुसं. ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धाआधीच ली-एनफिल्डचे असे अवतार काढले होते. पुढे तर जुनीच नळी आतून मोठी करून त्यात बारीक नळी बसवू लागले. बोल्टचं डोकंही बदलावं लागे. मोठ्या काडतुसाची टोपी बुडाच्या मधोमध असते, छोट्यात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत. पिन तिथेच आपटायला हवी. (हे कारखान्याचं काम. परवान्याशिवाय केलंत तर १९५९चा शस्त्र कायदा आहे.)

वजन, दस्ता, बोल्टची सवय, सगळं तेच. धक्का मात्र नाही. छोटी गोळी अडीच ग्रॅमची, मोठी अकराची! मीही छोटीवर पाचात पाच मारले होते. मग खरी हातात आली. पहिल्या बाराला खांदा ठणकला. दुसऱ्या वेळी घोडा दाबण्याआधीच डोळे मिटले. गोळी मातीच्या ढिगाऱ्यात.

भाचीला म्हटलं, "दस्ता खांद्यात घट्ट रोव."

"रोवते रे. तुझे किती लागले होते?"

"रेंज आली का बघ, आवाज तुटतोय."